लॉगचं समीकरण: क्ष = −२ नेमका कुठे अडतो?

अकरावीची_आई | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मुलगी अकरावी सायन्सला आहे. आज युनिट टेस्टचा पेपर घरी आला आणि एका गणितात चारपैकी दोन मार्क गेले. मार्कांचं एवढं काही नाही, पण का गेले हे मला तिला सांगता आलं नाही, म्हणून इथे विचारतेय.

गणित असं होतं (दोन्ही लॉगचा पाया २):

लॉग क्ष + लॉग (क्ष − २) = ३

तिने केलंय ते असं:

लॉग [क्ष(क्ष − २)] = ३
क्ष(क्ष − २) = २^३ = ८
क्ष^२ − २क्ष − ८ = ०
(क्ष − ४)(क्ष + २) = ०
क्ष = ४ किंवा क्ष = −२

बाईंनी −२ भोवती लाल गोल काढलाय आणि शेजारी "पडताळा?" एवढंच लिहिलंय.

माझं गणित मराठी माध्यमातलं, दहावीपर्यंतचं. वर्गसमीकरणाच्या शाब्दिक उदाहरणांत आम्ही "वय ऋण नसते", "आयताची लांबी ऋण नसते" असं लिहून एक मूळ सोडून द्यायचो. ते कळायचं. पण इथे क्ष म्हणजे कुणाचं वय नाही की कशाची लांबी नाही. अवयव बरोबर पाडलेत. −२ घालून पाहिला तर ४ + ४ − ८ = ० येतं. मग हे मूळ चुकीचं कसं? मुलगी म्हणते, "क्लासमध्ये सांगितलंय, मायनस आला की काटायचा." मला ते पटलं नाही, आणि तिलाही पटलेलं नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

---

खडूफळा | सोमवार, रात्री १०:२५

ताई, तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवलं. हा प्रश्न मनात असूनही न विचारणारी मुलं मी दरवर्षी पाहिली.

आधी लॉग म्हणजे काय ते मुलीला एकदा कागदावर करायला सांगा. "पाया २ ला ८ चा लॉग किती" म्हणजे "२ चा कितवा घात केला की ८ येतात". आता तिला एक उतरती यादी लिहू द्या:

२^३ = ८
२^२ = ४
२^१ = २
२^० = १
२^(−१) = १/२
२^(−२) = १/४
२^(−३) = १/८

दर ओळीला डावीकडचा घातांक एकाने कमी होतो आणि उजवीकडची संख्या निम्मी होते. ही यादी कितीही खाली नेली तरी उजवीकडे ० कधी येत नाही. निम्मं करत करत शून्य गाठता येत नाही, मग शून्य ओलांडून −२ पर्यंत जाणं दूरच. मधले अपूर्णांक घातांक घेतले तरी तेच. म्हणून वास्तव संख्यांमध्ये "लॉग (−२)" या प्रश्नाला उत्तरच नाही.

आता −२ मूळ समीकरणात ठेवा: लॉग (−२) + लॉग (−४) = ३. डावीकडच्या दोन्ही पदांना अर्थ नाही, त्यामुळे बरोबर की चूक हा प्रश्नच उद्भवत नाही.

मग तो आला कुठून? मुलीच्या पहिल्या ओळीतून. दोन लॉग एकत्र केले की आत गुणाकार होतो: (−२) × (−४) = ८. आठचा लॉग आहे, आणि तो ३ आहे. वेगवेगळे असताना दोघांनाही मज्जाव होता. गुणाकार झाल्यावर दोन उण्यांचा अधिक झाला आणि ते सहज आत आले. तुम्ही −२ घालून पाहिलात ते तिसऱ्या ओळीतल्या वर्गसमीकरणात. तिथे तो बसणारच. घालून पाहायचं ते पेपरात छापलेल्या पहिल्या समीकरणात.

लॉग म + लॉग न = लॉग (मन) हा नियम पुस्तकात येतो तेव्हा शेजारी "म आणि न धन असताना" असं लिहिलेलं असतं. मुलं नियम पाठ करतात आणि ती अट तिथेच राहते.

---

मधलीसुट्टी | सोमवार, रात्री १०:५१

सर, म्हणजे शेवटी तेच झालं ना. उत्तर ऋण आलं की सोडून द्यायचं. आमच्या क्लासला हेच सांगितलं होतं, आणि माझं बारावीपर्यंत कुठे अडलं नाही.

---

पाढेपाठ | सोमवार, रात्री ११:१५

नाही हो, हाच नियम मुलांना बुडवतो. हे सोडवून बघा (पाया १०):

लॉग (−क्ष) + लॉग (३ − क्ष) = १

(−क्ष)(३ − क्ष) = १०
क्ष^२ − ३क्ष − १० = ०
(क्ष − ५)(क्ष + २) = ०

क्ष = ५ किंवा −२. तुमच्या नियमाने ५ ठेवणार आणि −२ काटणार. आता मूळ समीकरणात ठेवा.

क्ष = −२: लॉग २ + लॉग ५ = लॉग १० = १. बरोबर.
क्ष = ५: लॉग (−५)... इथेच थांबलं.

सगळं उलटं झालं. ऋण उत्तर खरं निघालं आणि धन उत्तर फसवं. "−क्ष" दिसला की मुलांना वाटतं हा लॉग चालणारच नाही, पण क्ष स्वतः ऋण असेल तर −क्ष धन असतो. बंधन क्षवर नाहीच, लॉगच्या कंसात जे तयार होतं त्यावर आहे.

आणखी एक, यात ऋण उत्तर येतच नाही:

लॉग (क्ष − ३) + लॉग (क्ष − ८) = लॉग ६

क्ष^२ − ११क्ष + २४ = ६, म्हणजे क्ष^२ − ११क्ष + १८ = ०, म्हणजे क्ष = ९ किंवा २. दोन्ही धन. ९ चालतो: लॉग ६ + लॉग १ = लॉग ६. पण २ घातला की लॉग (−१) + लॉग (−६) होतं. "मायनस आला की काटायचा" शिकलेली मुलगी इथे दोन्ही उत्तरं लिहील आणि पुन्हा मार्क घालवील.

---

मधलीसुट्टी | सोमवार, रात्री ११:३२

मान्य. दुसरं उदाहरण मी स्वतः करून बघितलं आणि २ लिहून बसलो होतो. धन्यवाद.

---

अकरावीची_आई | मंगळवार, दुपारी १:१०

खडूफळा सर, यादीचा उपयोग झाला. मुलीने १/६४ पर्यंत लिहिली आणि स्वतःच म्हणाली, "आई, हे शून्याकडे जातंय पण पोहोचत नाही." पाढेपाठ यांची दोन्ही गणितं तिने सकाळी कॉलेजला जाण्याआधी केली. दुसऱ्यात ती घाईने २ ठेवणार होती, मग मूळ समीकरणात घालून पाहिल्यावर काटला.

आता तिचा प्रश्न, तिच्याच शब्दात: "प्रत्येक वेळी सगळं पुन्हा घालून बघायला वेळ कुठे असतो?"

---

बारावीचा_बाक | मंगळवार, सायंकाळी ५:२०

मी बारावीत आहे, त्यामुळे हे रोजचंच. एमएचटी-सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. तरीही पडताळा सोडायचा नाही, कारण पर्यायांमध्ये "४, −२" हा पर्याय हमखास दिलेला असतो. तो आपल्यासाठीच ठेवलेला असतो.

पूर्ण पडताळा मात्र लागत नाही. आमच्या सरांनी एक गोष्ट दाखवली ती सांगतो.

लॉग अ + लॉग ब = लॉग (एखादी धन संख्या) या प्रकारात सोडवून आलेल्या क्षसाठी अ × ब ही धन संख्याच असते, कारण आपण तसंच समीकरण मांडलंय. दोन संख्यांचा गुणाकार धन असेल तर दोन्ही धन किंवा दोन्ही ऋण. म्हणून दोन्हीपैकी सोपा कंस एकच तपासायचा. तो धन तर दुसराही धन. ताईंच्या गणितात नुसता "क्ष" बघितला तरी पुरे. ४ चालतो, −२ चालत नाही. तीन सेकंद लागतात.

लॉग अ = लॉग ब असेल तर आणखी सोपं. उदाहरणार्थ लॉग (क्ष^२ − ३) = लॉग (२क्ष). क्ष^२ − २क्ष − ३ = ०, क्ष = ३ किंवा −१. आलेल्या मुळासाठी अ आणि ब सारखेच असतात, म्हणून २क्ष धन आहे का एवढंच बघायचं. ३ ठेवला, ६. −१ ठेवला, −२, काटला. क्ष^२ − ३ कडे बघायची गरजच नाही.

तीन लॉग असतील तेव्हा मात्र प्रत्येक कंस बघतो. तीनपैकी दोन ऋण असले तरी गुणाकार धनच येतो.

---

खडूफळा | मंगळवार, सायंकाळी ६:०५

छान सांगितलंस बाळा. यात एकच भर. लेखी पेपरात तीन सेकंदांचा पडताळा मनात ठेवू नका, एका ओळीत लिहा: "क्ष = −२ असता लॉग क्ष अस्तित्वात नाही, म्हणून क्ष = ४ हीच उकल." तपासणारा ती ओळ शोधत असतो. −२ नुसता खोडला आणि कारण दिलं नाही, तर तो समजून खोडला की सवयीने, हे तपासणाऱ्याला कळत नाही.

---

दुसरीबाजू | मंगळवार, रात्री ९:५५

सगळी चर्चा जास्तीच्या मुळांची चाललीय. याची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. लॉग वापरताना खरी मुळं हरवतात सुद्धा, आणि हरवलेलं मूळ पडताळ्याने परत मिळत नाही. जे हातात आलंच नाही ते तपासणार कसं?

लॉग (क्ष^२) = २, पाया १०. नव्वद टक्के मुलं दोन पुढे काढतात असं मी म्हणणार नाही, पण माझ्यासमोर बसलेली जवळपास सगळी काढतात:

२ लॉग क्ष = २
लॉग क्ष = १
क्ष = १०

पडताळा: लॉग १०० = २. बरोबर. पुढच्या गणितावर गेलात. पण −१० ठेवून बघा. (−१०)^२ = १००, लॉग १०० = २. हेही उत्तर आहे! ते गेलं कुठे? घातांक पुढे काढला त्या ओळीत. लॉग (क्ष^२) ला क्ष ऋण असलेला चालतो, शून्य सोडून काहीही चालतं. २ लॉग क्ष ला फक्त धन चालतो. एका ओळीत आपण अर्धी संख्यारेषा सोडून दिली. बरोबर रूप आहे २ लॉग |क्ष|, त्या दोन उभ्या रेघांसकट. किंवा सरळ क्ष^२ = १०० लिहा, तेही चांगलं.

यात एक मोठी गोष्ट आहे ती सांगतोच. १७१२-१३ च्या सुमारास लायब्निट्स आणि योहान बर्नुली या दोघांचा ऋण संख्यांच्या लॉगवरून पत्रांतून वाद झाला. बर्नुलीचं म्हणणं, लॉग (−क्ष) म्हणजे लॉग क्षच. त्याच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवाद असा: (−क्ष)^२ = क्ष^२, म्हणून २ लॉग (−क्ष) = २ लॉग क्ष, दोनाने भागलं की झालं. लायब्निट्स म्हणाला, ऋण संख्येला असा वास्तव लॉग असूच शकत नाही. बर्नुलीचाच विद्यार्थी ऑयलर याने १७४९ मध्ये हा गुंता सोडवला. म्हणजे युरोपातले सर्वांत मोठे गणिती ज्या पायरीवर अडखळले, ती हीच, "दोन पुढे काढला" ची पायरी. ताई, तुमच्या मुलीला हे जरूर सांगा. ती काही साधी चूक करत नाहीये.

मूळ हरवायची आणखी एक जागा म्हणजे भागाकार.

(लॉग क्ष)^२ = लॉग (क्ष^२), पाया १०

इथे डावीकडे लॉग क्ष आधीच बसलाय, त्यामुळे क्ष धन हवाच, म्हणून उजवीकडचा दोन पुढे काढायला हरकत नाही. (लॉग क्ष)^२ = २ लॉग क्ष. आता दोन्हीकडचा एकेक लॉग क्ष उडवला तर लॉग क्ष = २, क्ष = १००. आणि क्ष = १? लॉग १ = ०, दोन्ही बाजू शून्य, तेही उत्तर. ते भागाकारात गेलं, कारण आपण शून्याने भागलं. भागू नका, एका बाजूला आणा आणि सामाईक बाहेर काढा: लॉग क्ष (लॉग क्ष − २) = ०. दोन्ही हाती येतात.

---

अकरावीची_आई | मंगळवार, रात्री १०:३०

दुसरीबाजू, हे वाचून मी वहीच काढली. म्हणजे "मूळ समीकरणात घालून बघ" हे अर्धंच झालं. जास्तीचं त्याने पकडलं जाईल, पण हरवलेलं नाही. त्यासाठी प्रत्येक ओळ लिहिताना बघायचं की क्षला आधी जेवढी मोकळीक होती तेवढीच अजून आहे का. बरोबर समजले का मी?

---

दुसरीबाजू | मंगळवार, रात्री १०:४१

अगदी बरोबर. दोन लॉग जोडून एक केला की मोकळीक वाढते, म्हणून उपरे आत येतात. एका लॉगचे दोन केले किंवा घात पुढे काढला की मोकळीक घटते, म्हणून घरचे बाहेर जातात.

---

आम्ल_आम्लारी | बुधवार, सकाळी ८:१५

मी गणिताची नाही, रसायनशास्त्राची. पण लॉग आमच्याकडे रोज लागतो, म्हणून दोन गोष्टी सांगते.

पहिली, मुलं लॉगच्या आत काय चालतं आणि लॉगचं उत्तर काय येऊ शकतं यात गल्लत करतात. आतला आकडा धन हवा. उत्तर मात्र धन, शून्य, ऋण काहीही असू शकतं. (लॉग क्ष)^२ − लॉग क्ष − २ = ० यात लॉग क्ष = ट धरला की ट = २ किंवा −१ येतो. बरीच मुलं "लॉग ऋण नसतो" म्हणून −१ खोडतात. चूक! लॉग क्ष = −१ म्हणजे क्ष = १/१०, अगदी रास्त उत्तर. १०० आणि १/१० दोन्ही लिहायची. पण हाच खेळ घाताच्या समीकरणात असेल, ४^क्ष − २^क्ष − २ = ०, तर २^क्ष = ट धरून पुन्हा ट = २ किंवा −१ येतो आणि तिथे −१ खोडायचाच, कारण २ चा कुठलाच घात ऋण नसतो. समीकरण तेच, ट चे आकडे तेच, निकाल उलटा. ट म्हणजे काय हे विसरलं की गेलं.

दुसरी, पीएच. पीएच म्हणजे हायड्रोजन आयनांच्या संहतीचा पाया १० चा लॉग, चिन्ह बदलून. ०.०१ मोलर ॲसिटिक आम्ल घ्या, विचरण स्थिरांक १.८ × १०^(−५). आयनांची संहती क्ष धरली की क्ष^२ + (१.८ × १०^(−५))क्ष − १.८ × १०^(−७) = ० असं वर्गसमीकरण येतं. एक मूळ साधारण ४.१५ × १०^(−४), दुसरं ऋण. संहती ऋण नसते म्हणून दुसरं जातं आणि पहिल्यावरून पीएच ३.३८. इथे ताईंच्या "वय ऋण नसते" वाल्या कारणाने आणि लॉगच्या कारणाने एकाच मुळाला नकार मिळतो.

बारावीला एक प्रश्न ठरलेला असतो: १०^(−८) मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच किती? सरळ लॉग घेतला की ८ येतो. लॉग बरोबर, आकडेमोड बरोबर, आणि उत्तर अशक्य, कारण पाण्यात आम्ल टाकून द्रावण आम्लारीधर्मी होऊ शकत नाही. पाण्याचे स्वतःचे आयन धरले की पीएच ६.९८ येतो. असा पडताळा गणिताच्या वहीत होत नाही, तो बीकरकडे बघून करावा लागतो.

---

लॉगटेबल_जपलेला | बुधवार, दुपारी ३:५०

माझ्याकडे अजून कॉलेजातलं लॉगचं पुस्तक आहे, पानांच्या कडा पिवळ्या पडलेल्या. मुळं अपरिमेय आली की मुलं पडताळा टाळतात, म्हणून हे देतो.

लॉग क्ष + लॉग (क्ष − १) = ०, पाया १०

क्ष(क्ष − १) = १, क्ष^२ − क्ष − १ = ०, क्ष = (१ ± √५)/२. √५ म्हणजे साधारण २.२३६. म्हणून क्ष साधारण १.६१८ किंवा −०.६१८. दुसरं गेलं. पहिलं आता पुस्तकातून तपासू.

लॉग १.६१८: सोळाच्या ओळीत १ च्या खाली २०६८, मग उजवीकडच्या फरकाच्या रकान्यात ८ च्या खाली २२. बेरीज २०९०. म्हणजे ०.२०९०.

क्ष − १ म्हणजे ०.६१८. लॉग ०.६१८: एकसष्टच्या ओळीत ८ च्या खाली ७९१०. दशांशचिन्हानंतर लगेच अंक आहे म्हणून पूर्णांश बार एक. लिहायचं "बार १ पॉइंट ७९१०". बार फक्त एकच्या डोक्यावर असतो, मागचा ७९१० धनच राहतो. म्हणजे −१ + ०.७९१० = −०.२०९०.

बेरीज: ०.२०९० + (−०.२०९०) = ०. चार दशांश स्थळांपर्यंत तंतोतंत. बार संपूर्ण आकड्यावर समजून −१.७९१० घेतलं तर बेरीज −१.५८ येते आणि मुलगा खरं उत्तरच चूक म्हणून खोडतो. पडताळ्यात झालेल्या चुकीमुळे बरोबर मूळ काढून टाकलेलं मी वर्गमित्रांच्या वहीत पाहिलंय. बोर्डाच्या परीक्षेत लॉगटेबल अजून वापरतात, म्हणून लिहिलं.

---

पाढेपाठ | बुधवार, रात्री ९:०५

पायातच क्ष असेल तेव्हा आणखी दोन अटी लागतात, पाया धन हवा आणि पाया १ नको. पाया क्ष, लॉग (६ − क्ष) = २ घ्या. क्ष^२ = ६ − क्ष, क्ष = २ किंवा −३. −३ ठेवला तर (−३)^२ = ९ आणि ६ + ३ = ९, हिशेब जुळतो, तरीही पाया ऋण म्हणून जातो.

दुसरं, पाया क्ष, लॉग (२क्ष − १) = २. क्ष^२ − २क्ष + १ = ०, क्ष = १, दोनदा. पण पाया १ चालत नाही, कारण १ चा कुठलाही घात १ च. समीकरणाला उकलच नाही. एवढी मेहनत करून "उकल नाही" लिहायला मुलांचा हात धजत नाही. तेही उत्तर आहे, आणि त्याला पूर्ण मार्क असतात.

---

आलेख_काढून_बघा | बुधवार, रात्री १०:२०

मोबाइलवर जिओजेब्रा हे आलेख काढायचं ॲप फुकट आहे. ताई, मुलीला तीन गोष्टी काढायला सांगा. एक, मूळ डावी बाजू, लॉग क्ष + लॉग (क्ष − २), पाया २. दोन, जोडलेली, लॉग (क्ष^२ − २क्ष). तीन, आडवी रेघ ३ वर. पहिला आलेख २ च्या उजवीकडेच आहे आणि रेघेला ४ वर एकदाच छेदतो. दुसऱ्याला शून्याच्या डावीकडे आणखी एक फांदी फुटते, आणि ती रेघेला बरोबर −२ वर छेदते. शाईच्या गोलातला −२ त्या फांदीवर राहतो.

---

शंकेखोर | गुरुवार, सकाळी ७:३०

एक शंका. ऑयलरने ऋण संख्यांनाही लॉग दिले ना, काल्पनिक संख्या वापरून? मग इंजिनिअरिंगला गेल्यावर −२ परत खरा होतो का? तसं असेल तर आत्ता चूक म्हणून मार्क का कापायचे?

---

दुसरीबाजू | गुरुवार, सकाळी ९:१५

चांगली शंका आहे. संमिश्र संख्यांमध्ये ऋण संख्येला लॉग आहे, एकच नाही तर अगणित. त्यातला एक मुख्य म्हणून निवडतात, त्यात पाय (π) गुणिले काल्पनिक एकक, भागिले २ चा नैसर्गिक लॉग (पाया २ आहे म्हणून), एवढी भर असते. आता −२ घालून बघा. लॉग (−२) मध्ये ती भर एकदा, लॉग (−४) मध्ये आणखी एकदा. वास्तव भागांची बेरीज ३ येते, पण त्या दोन भरी एकमेकींना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते. म्हणजे डावी बाजू ३ नाही, ३ अधिक एक काल्पनिक तुकडा. मुख्य लॉग घेतले तर −२ तिथेही उत्तर ठरत नाही. लॉग म + लॉग न = लॉग (मन) हा नियमच तिथे मुख्य लॉगसाठी नेहमी पाळला जात नाही.

---

खडूफळा | गुरुवार, सकाळी १०:००

मुलीसाठी एक गणित ठेवतो. पाया १०.

लॉग (क्ष − ५) + लॉग (२ − क्ष) = लॉग २

ताई, तुम्हीही वेगळ्या कागदावर करा. उत्तर नंतर जुळवा.

---

अकरावीची_आई | गुरुवार, रात्री ८:४५

सर, दोघींनी केलं.

तिने नेहमीसारखं जोडून सुरुवात केली. (क्ष − ५)(२ − क्ष) = २, मग क्ष^२ − ७क्ष + १२ = ०, क्ष = ३ किंवा ४. दोन्ही धन, दोन्ही पूर्ण, इतकी सुबक की तिने पेन खाली ठेवला होता. मग स्वतःच परत उचलला. ३ घातला: लॉग (−२) + लॉग (−१). ४ घातला: लॉग (−१) + लॉग (−२). दोन्हीवर रेघ मारली आणि एकेका ओळीत कारण लिहिलं.

मी जोडलंच नाही. काल वहीत लिहिलं होतं ते आधी बघितलं, क्षला मोकळीक किती. क्ष − ५ धन हवा म्हणजे क्ष पाचापेक्षा मोठा. २ − क्ष धन हवा म्हणजे क्ष दोनापेक्षा लहान. पाचापेक्षा मोठी आणि दोनापेक्षा लहान अशी संख्या कुठून आणणार? माझ्या कागदावर दोनच ओळी आहेत.

तिने माझा कागद ओढून घेतला, दोन ओळी वाचल्या आणि आपल्या वहीत खाली उतरवून घेतल्या: "उकल नाही."

---

खडूफळा | गुरुवार, रात्री ९:१०

दोघींनाही पूर्ण मार्क. आता तिला विचारा, उजवीकडे लॉग २ च्या जागी लॉग ३ असता तर तुमच्या दोन ओळींपैकी कुठली बदलली असती?

---

अकरावीची_आई | गुरुवार, रात्री ९:१४

ती इथेच बसलीय. म्हणतेय, "एकही नाही."